डब्यांचा हिशेब ठेवणारं पहिलं वेब ॲप एआयकडून कसं करून घ्यावं

"मला खानावळीसाठी ॲप बनवून दे." एआयला एवढं एक वाक्य दिलं की पाच-दहा मिनिटांत रंगीत बटणांची स्क्रीन समोर येते. ग्राहकांची यादी दिसते, बिलाचं बटण दिसतं, काम झालंसं वाटतं. महिनाअखेरीला बिलं काढायला बसलं की कळतं, रविवारी रात्री डबा नसतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग दुरुस्त्या सुरू होतात. एक नीट करायला जावं तर दुसरं मोडतं आणि चौथ्या दिवशी माणूस नाद सोडून देतो.

हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय, आणि चूक जवळजवळ दरवेळी एकाच जागी असते. उत्तर काय यायला हवं हे स्वतःला ठाऊक नसताना कोड मागितलेला असतो. एआयने लिहिलेला कोड आपल्याला वाचता येत नाही, हे धरूनच चालू. मग तो बरोबर आहे की नाही हे ठरवायला आपल्या हातात एकच गोष्ट उरते, आधीच माहीत असलेलं उत्तर. ते मागच्या महिन्याच्या वहीत असतं.

पुढचा सगळा क्रम घरगुती डब्यांच्या हिशेबावर दाखवला आहे, कारण आमच्या शेजारच्या काकूंसाठी हेच ॲप केलं होतं. भिशी, शिकवणीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, काहीही असलं तरी क्रम हाच ठेवा.

## १. संगणक बंद ठेवा, वहीतून नियम काढा

एक संध्याकाळ फक्त वही घेऊन बसा. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारत राहा, "हा आकडा कसा आला?" डोक्यात असलेले नियम कागदावर यायला वेळ लागतो, कारण सांगणाऱ्याला ते नियम वाटतच नाहीत. काकूंकडून निघालेले नियम असे होते:

- एका डब्याचे ७० रुपये. दुपारचा, रात्रीचा किंवा दोन्ही वेळचा घेता येतो.
- रविवारी रात्री डबा नाही.
- खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत कळवला तरच पैसे वजा. उशिरा कळवलेल्या खाड्याचे पैसे लागतात.
- पाहुण्यासाठी जादा डबा त्याच दराने.
- महिन्याच्या मधे सुरू केलं तर त्या दिवसापासून हिशेब.
- आगाऊ दिलेले पैसे वजा, मागची बाकी मिळवायची.

शेवटचे दोन नियम काकूंनी आपण होऊन सांगितले नव्हते. वहीच्या समासात "मागील ५००" असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, म्हणून विचारलं. वहीचे समास नक्की वाचा, सगळे अपवाद तिथेच सापडतात.

सावध: याच वेळी "पुढे व्हॉट्सॲपवर बिल जायला हवं, क्यूआर कोड हवा, ग्राहकाला लॉगिन हवं" अशी यादी सुरू होते. ती वेगळ्या कागदावर लिहून बाजूला ठेवा. पहिल्या ॲपने एकच काम करायचं, महिन्याचं बिल बरोबर काढायचं.

## २. तीन ग्राहकांची बिलं हाताने काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचे पंधरा दिवस त्यातच घालवतात. सगळे नियम कुठे ना कुठे लागतील असे तीन ग्राहक निवडा. नावं खोटी ठेवा. मी जून २०२५ घेतला होता. दिवस ३०, रविवार ५ (१, ८, १५, २२, २९).

पहिला ग्राहक: दोन्ही वेळा, एकही खाडा नाही, मागची बाकी ५००. डबे ६० वजा ५, म्हणजे ५५. ५५ गुणिले ७० म्हणजे ३८५०. बाकी मिळवून ४३५० रुपये.

दुसरा ग्राहक: दोन्ही वेळा, ७ खाडे, त्यातले २ उशिरा कळवलेले, जादा डबे ३, आगाऊ २०००. ५५ वजा ५ अधिक ३ म्हणजे ५३ डबे, ३७१० रुपये. आगाऊ वजा करून १७१०.

तिसरा ग्राहक: १६ तारखेपासून फक्त रात्रीचा डबा. १५ रात्री, त्यातले २ रविवार गेले, १३ डबे, ९१० रुपये.

४३५०, १७१० आणि ९१० हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. यापुढे प्रत्येक बदलानंतर ॲपने हेच तीन आकडे द्यायला हवेत.

तपासा: तिन्ही उत्तरं हिशेब ठेवणाऱ्याने मान्य केली का? आमच्याकडे तिसऱ्या बिलावर पाच मिनिटं चर्चा झाली होती. ती कोड लिहिण्याआधी झाली हे बरं.

## ३. अवजारं कमीत कमी

एक चॅट घ्या. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांपैकी कुठलंही, पण एकच. तिघांना तेच विचारून उत्तरं मिसळू नका. तिघांची मांडणी वेगळी असते आणि जोडताना मोडतोड होते. सोबत व्हीएस कोड हा मोफत एडिटर, त्यात पान ब्राउझरमध्ये चालवून दाखवणारं लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन (जोड-साधन) आणि फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट. एवढं पुरे.

लव्हेबल, बोल्ट, रेप्लिटसारखी सगळं एकदम उभं करून देणारी साधनं आहेत, थेट फाइलींत कोड लिहिणारे कर्सर आणि क्लॉड कोड आहेत. वाईट काहीच नाही. पण पहिल्या ॲपला माझा सल्ला साध्या चॅटचा आणि हाताने कॉपी-पेस्टचा आहे. कुठली फाइल बदलली, किती बदलली, हे त्यात डोळ्यांसमोर राहतं. दुसऱ्या ॲपला खुशाल कर्सर वापरा.

एक फोल्डर करा आणि त्यात तीन फाइली: पानाची रचना सांगणारी एचटीएमएल, रंगरूप सांगणारी सीएसएस आणि हिशेब करणारी जावास्क्रिप्ट. फाइलींची नावं इंग्रजी लहान लिपीत, मधे जागा न सोडता. पहिल्या फाइलचं नाव 'इंडेक्स'च हवं.

गिट आत्ताच सुरू करा, "नंतर बघू" म्हणू नका. ॲप चालत्या स्थितीत आलं की कमिट करायचं, म्हणजे त्या क्षणाच्या फाइली गिटमध्ये पक्क्या नोंदवायच्या, आणि संदेशात काय चालू लागलं ते लिहायचं, उदाहरणार्थ "तिन्ही बिलं बरोबर". आठ दिवसांनी एआयने सगळं विस्कटलं तर मागे यायला ही एकच वाट असते.

## ४. पहिल्या संदेशात कोड मागू नका

पहिला संदेश असा द्या. मराठीत दिला तरी चालतो.

> "मला प्रोग्रामिंग येत नाही. घरगुती डब्यांचा हिशेब ठेवणारं छोटं वेब ॲप करायचं आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट एवढंच वापर, बाहेरची लायब्ररी नको. माहिती सध्या ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेव. हिशेबाचे नियम आणि तीन ग्राहकांची हाताने काढलेली बिलं खाली दिली आहेत. अजून कोड लिहू नकोस. आधी कुठली माहिती साठवावी लागेल ते सांग, नियमांत जिथे अर्थ स्पष्ट नाही तिथे मला प्रश्न विचार, आणि काम कोणत्या क्रमाने करायचं ते मांड."

(लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, लोकल स्टोरेज म्हणजे ब्राउझरमधलीच साठवणीची जागा.) त्याखाली पायरी १ आणि २ चा मजकूर जसाच्या तसा चिकटवा. एआय प्रश्न विचारेल: खाडा कळवला आणि नंतर डबा मागवला तर काय? दर वाढला तर कधीपासून लागू? उत्तरं कागदावरच्या नियमांत भरा आणि मग चॅटमध्ये द्या. कागद हाच मूळ दस्तऐवज. चॅट लांबत गेली की एआय सुरुवातीच्या गोष्टी विसरू लागतो. तेव्हा नवीन चॅट उघडून हाच कागद पुन्हा द्यायचा असतो.

माहितीच्या आराखड्यात चार गोष्टी स्वतः तपासा. या चुका पुढे दुरुस्त करणं फार जड जातं.

- प्रत्येक ग्राहकाला वेगळा क्रमांक आहे का? नुसतं नाव असेल तर दुसरे पाटील आले की दोघांचे खाडे एकत्र होतील.
- दर तारखेसह साठवला आहे का? तो एकाच जागी असेल तर जुलैत ७५ केल्यावर जूनचं बिलही ७५ ने निघेल.
- खाडा कोणत्या वेळचा आणि तो वेळेत कळवला का, या दोन्ही नोंदी आहेत का?
- बाकी साठवली जाते की नोंदींवरून दरवेळी काढली जाते? काढलीच पाहिजे. साठवलेली बाकी आणि नोंदी कधीतरी वेगवेगळं बोलू लागतात आणि खरं कोण ते कळत नाही.

सावध: चॅटमध्ये खऱ्या ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर चिकटवू नका. त्यांनी ते डब्यासाठी दिलेले असतात.

## ५. आधी हिशेब, मग स्क्रीन

आता कोड मागा, पण फक्त बिल काढणाऱ्या फंक्शनचा, म्हणजे तेवढं एकच काम करणाऱ्या तुकड्याचा. "तीन ग्राहकांची माहिती कोडमध्येच भर, पानावर फक्त तीन आकडे दाखव" एवढंच सांगा. पान कुरूप दिसेल, दिसू द्या. ४३५०, १७१०, ९१० आले का? एक जरी चुकला तर पुढे जायचं नाही. आले की कमिट.

त्यानंतर एकेक स्क्रीन, या क्रमाने: ग्राहक जोडणे, खाडा आणि जादा डबा टिपणे, जमा रक्कम टिपणे, महिन्याचं बिल. प्रत्येक वेळी संदेशाच्या शेवटी दोन वाक्यं जोडा: "सांगितलेल्या भागाशिवाय दुसरं काही बदलू नकोस. कुठल्या फाइलमध्ये काय बदललं ते शेवटी सांग." ही वाक्यं नसतील तर एआय न मागता बाकीचंही सुधारत सुटतो आणि कालपर्यंत चालणारं बटण आज मुकं होतं.

पहिल्या स्क्रीनवरच दोन बारीक गोष्टी बघून घ्या. एचटीएमएलच्या वरच्या 'हेड' भागात अक्षरांसाठी यूटीएफ-८ लिहिलेलं हवं, नाहीतर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते. आणि व्ह्यूपोर्टची ओळ हवी, नाहीतर फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं.

## ६. चूक आली की काय करायचं

"चालत नाहीये, नीट कर" हा सगळ्यात महागात पडणारा संदेश. एआय मग अंदाजाने चार ठिकाणी हात घालतो. त्याऐवजी क्रोममध्ये एफ-१२ दाबा, चुका दाखवणारा कन्सोल उघडा. लाल ओळ असेल तर ती फाइलच्या नावासह आणि ओळ क्रमांकासह पूर्ण कॉपी करा. मग तीन गोष्टी लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

"ग्राहक क्रमांक २ ला ५ जूनचा रात्रीचा खाडा टाकला, बिल ७० ने कमी व्हायला हवं होतं, तेवढंच राहिलं, कन्सोलमध्ये काही नाही." एवढं नेमकं सांगितलं की बऱ्याचदा पहिल्याच उत्तरात काम होतं.

तीनदा प्रयत्न करूनही तीच चूक राहिली तर चौथा प्रयत्न त्या चॅटमध्ये करू नका. शेवटच्या चांगल्या कमिटवर परत या, नवीन चॅट उघडा, नियमांचा कागद आणि सध्याच्या तिन्ही फाइली द्या. अर्धवट दुरुस्त्यांच्या ढिगाऱ्यावर आणखी दुरुस्ती बसत नाही.

## ७. मुद्दाम मोडून बघा

तीन बिलं जुळली म्हणजे ॲप झालं असं नाही. पुढच्या चुका नवशिक्यांच्या ॲपमध्ये पुन्हा पुन्हा सापडतात, म्हणून एकेक करून तपासा.

बेरजेची चूक. पानावरच्या चौकटीत टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. गंमत अशी की मजकुरातूनही वजाबाकी बरोबर येते, म्हणून आगाऊ रक्कम नीट वजा होते आणि आपण निर्धास्त होतो. पण ३८५० मध्ये चौकटीतली ५०० ची बाकी मिळवली की ४३५० ऐवजी ३८५०५०० येतं. दोन्ही आकडे नुसते शेजारी चिकटतात. पहिल्या ग्राहकाला मागची बाकी मुद्दाम ठेवली होती ती यासाठीच. एआयला सांगा, "चौकटीतली प्रत्येक रक्कम हिशेबाआधी संख्येत बदल."

पहाटेची चूक. हिने मला सगळ्यात जास्त दमवलं. काकू पहाटे पाचला उठतात आणि रात्री आलेले खाड्यांचे निरोप तेव्हाच टिपतात. तारखेच्या चौकटीत "आज" आपोआप भरलेलं असायचं. १ ऑगस्टला टिपलेला खाडा ३१ जुलैवर जाऊन बसला आणि जुलैचं बिल ७० रुपयांनी कमी आलं. वहीशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. कारण असं की आजची तारीख काढायला एआय अनेकदा जावास्क्रिप्टमधलं टू-आयएसओ-स्ट्रिंग हे तयार फंक्शन वापरतो, आणि ते ग्रीनिचची वेळ देतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. दिवसा कितीही तपासा, ही चूक दिसणार नाही. संगणकाचं घड्याळ पहाटे पाचवर लावून पाहा. एआयला सांगा, "तारीख वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेने काढ, टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरू नकोस."

मराठी आकडे. फोनचा कीबोर्ड मराठी असेल तर दराच्या चौकटीत ७० देवनागरीत पडतं आणि जावास्क्रिप्टला ते वाचता येत नाही. काही चौकटी तो आकडा घेतच नाहीत, काहींत बिलाच्या जागी 'नॅन' दिसतं, म्हणजे "ही संख्या नाही". हिशेबाआधी देवनागरी अंक बदलून घ्यायला सांगा. बिलावर मराठी अंक दाखवायला हरकत नाही, फक्त दाखवलेला आकडा परत हिशेबात घ्यायचा नाही.

बाकीच्या पटापट: एकाच नावाचे दोन ग्राहक टाका. एकाच वेळचा खाडा दोनदा टाका, ७० रुपये एकदाच वजा व्हायला हवेत. रविवारी रात्रीचा खाडा टाकून बघा, काहीच वजा होता कामा नये. रक्कम रिकामी ठेवून बटण दाबा. नावाच्या जागी कोन-कंसातला एचटीएमएलचा एखादा तुकडा टाका. तो जसाच्या तसा अक्षरांत दिसला पाहिजे, चालता कामा नये.

## ८. बॅकअपचं बटण, इंटरनेटवर चढवण्याआधी

लोकल स्टोरेज म्हणजे माहिती त्या एका फोनच्या त्या एका ब्राउझरमध्ये. ब्राउझरची साइट डेटा पुसली की सगळं गेलं. गुप्त विंडोत भरलेलं विंडो बंद करताच जातं. म्हणून "सगळी माहिती फाइलमध्ये उतरव" आणि "फाइलमधून परत भर" अशी दोन बटणं आधी करून घ्या.

तपासा: फाइल उतरवा, साइट डेटा पुसा, फाइल परत भरा. तिन्ही आकडे आले का? परत भरून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची फाइल) काढत असाल तर फाइलच्या सुरुवातीला 'बॉम', म्हणजे यूटीएफ-८ ची खूण, घालायला सांगा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिवडा होतो.

## ९. इंटरनेटवर चढवणं

गिटहब या संकेतस्थळाच्या 'पेजेस' सेवेवर असं ॲप मोफत ठेवता येतं. मोफत खात्यात रिपॉझिटरी (गिटहबवरचं तुमच्या ॲपचं फोल्डर) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणजे कोड कुणीही वाचू शकतो. चढवण्याआधी तिन्ही फाइलींत खरं नाव, फोन नंबर, पासवर्ड किंवा कुठल्याही सेवेची गुप्त किल्ली ('की') राहिलेली नाही हे बघा. चुकून गेलंच तर नुसती ओळ खोडून भागत नाही, गिटच्या जुन्या कमिटमध्ये ती राहते. ती किल्ली लगेच रद्द करून नवी काढावी लागते.

घरी चालणारं तिथे चालत नसेल तर आधी फाइलींच्या नावांतली लहान-मोठी लिपी बघा. विंडोजला तो फरक चालतो, गिटहबला चालत नाही. बदल दिसत नसेल तर काही मिनिटं थांबून कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

नव्या पत्त्यावर ॲप रिकामं दिसेल. घाबरू नका, लोकल स्टोरेज पत्त्यागणिक वेगळं असतं. जुन्या ठिकाणाहून फाइल उतरवून इथे भरा.

## १०. एक पूर्ण महिना वही आणि ॲप दोन्ही

वही लगेच बंद करू नका. महिनाभर नोंद दोन्हीकडे करा आणि १ तारखेला सगळी बिलं समोरासमोर ठेवा. आकडा जुळला नाही तर आधी नोंदी ताडा, मग नियम, मग कोड. आमच्याकडे एका बिलात फरक आला तेव्हा ॲप बरोबर होतं, वहीत एक जादा डबा लिहायचा राहिला होता. दुसऱ्यात मात्र पहाटेची ती तारीख निघाली.

## ११. दुसरा फोन हवा असेल तरच डेटाबेस

घरातल्या दोघांना एकच हिशेब दोन फोनवर हवा असेल तेव्हा लोकल स्टोरेज पुरत नाही. मग सुपाबेस किंवा फायरबेससारखा इंटरनेटवरचा डेटाबेस (नोंदी एका जागी ठेवणारी सेवा) येतो, आणि त्यासोबत लॉगिन. इथून लोकांची माहिती तुमच्या फोनबाहेर जाते, म्हणून घाई करू नका.

सुपाबेस घेतलं तर दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्राउझरमधल्या कोडमध्ये 'सर्व्हिस रोल'ची गुप्त किल्ली कधीही नको. ती सगळे नियम ओलांडून जाते. आणि प्रत्येक टेबलवर (नोंदींच्या तक्त्यावर) आरएलएस, म्हणजे कुठली ओळ कुणाला दिसावी याचा नियम, चालू हवा. एआय एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहून टेबल करून देतो तेव्हा हे राहून जाऊ शकतं. कधी परवानगीची चूक आली की तो "सगळ्यांना सगळं दिसू दे" असा नियम घालून मोकळा होतो. चूक जाते, पण कुलूपही जातं.

लॉगिनची स्क्रीन दिसते म्हणून माहिती सुरक्षित आहे असं समजू नका, स्क्रीन हा नुसता पडदा आहे. दोन वेगळी खाती काढा. पहिल्या खात्यातून खोटे ग्राहक भरा, दुसऱ्याने लॉगिन करा. पहिल्याचं एकही नाव दिसता कामा नये. मग लॉगिन न करता थेट डेटाबेसकडून यादी मागणारी चाचणी एआयकडून लिहून घ्या आणि चालवा, रिकामं उत्तर किंवा नकार यायला हवा. या दोन्ही चाचण्या पार होईपर्यंत खऱ्या ग्राहकांची नावं त्यात भरू नका, तोवर एका फोनवरचं ॲपच चालू ठेवा.